ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्क्रांतिवाद : विरोध किती, मेळ किती?

गेल्या वर्षी संस्थेच्या अभ्यासिकेत एक लहानसा प्रसंग घडला. बारावी विज्ञान शाखेतील एक विद्यार्थी सांगत होता की, त्याच्या वर्गातील एक ख्रिस्ती मुलगा जीवशास्त्रात नेहमी पुढे असतो आणि दर रविवारी न चुकता चर्चलाही जातो. "म्हणजे तो एका ठिकाणी तरी खोटं बोलत असला पाहिजे," असे तो म्हणाला आणि सारी अभ्यासिका हसली. आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी बँकेत चहाच्या वेळी हा किस्सा आम्ही वसईकडच्या आमच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यांना मोठ्या ऐटीत ऐकवला. त्यांनी चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "अहो, आम्हाला शाळेत उत्क्रांतीचा धडा फादरांनीच शिकवला. आणि मुलांच्या पुस्तकात तो मेंडेल आहे ना, तो कोण होता ठाऊक आहे का तुम्हाला?"

आम्हाला ठाऊक नव्हते. कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, असे आपण आपल्या मुलांना नेहमी सांगतो. मग दुसऱ्याच्या श्रद्धेविषयीचे ऐकीव मत न तपासता कसे मानायचे? या टोचणीतून आम्ही वाचन केले. आम्ही कला शाखेचे पदवीधर व व्यवसायाने बँकेतील लिपिक; विज्ञानाचे अथवा ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अधिकारी नव्हे. जे वाचले व समजले ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

उत्क्रांती म्हणजे नेमके काय?

"माणूस माकडापासून झाला" एवढेच वाक्य बहुतेकांना पाठ असते आणि तेही बरोबर नाही. आजचे माकड आणि आजचा माणूस यांचे फार प्राचीन काळी समान पूर्वज होते, असे विज्ञान सांगते. चुलतभाऊ हे एकमेकांचे बाप नसतात. त्यांचे आजोबा एक असतात, तसेच हे आहे.

चार्ल्स डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील विचार थोडक्यात असा : एकाच जातीच्या जीवांमध्ये लहान-मोठे फरक असतात. त्यांतील काही फरक पुढच्या पिढीकडे जातात. जितके जीव जन्मतात तितके सारे जगत नाहीत. ज्यांचे फरक त्या परिस्थितीत उपयोगी पडतात, ते अधिक संख्येने जगतात व अधिक संतती मागे ठेवतात. अशा हजारो-लाखो पिढ्या गेल्या की नव्या जाती तयार होतात. यालाच 'नैसर्गिक निवड' म्हणतात. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, डार्विन स्वतः केंब्रिजला शिकला तो चर्चचा पाद्री व्हावा या हेतूने.

मूळ अडचण कोठे आहे?

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे नाव मराठीत 'उत्पत्ती' असे आहे. ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, मातीपासून पहिला मानव आदाम घडवला, असे त्यात वर्णन आहे. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये बायबलमधील वंशावळींचा हिशेब करून सृष्टीचा प्रारंभ इसवी सन पूर्व ४००४ मध्ये ठरवला. आज विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानते. हा हिशेब सहा हजार वर्षांशी कसा जुळायचा?

परंतु वर्षांचा प्रश्न हा त्यातल्या त्यात सोपा होय. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन या मोठ्या ख्रिस्ती आचार्याने उत्पत्तीतील 'दिवस' हे आपल्या चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, असे प्रतिपादन केले होते. धर्मग्रंथाचा हवाला देऊन निसर्गाविषयी चुकीचे बोलाल तर जाणकार लोक तुमच्या धर्मालाच हसतील, असा इशाराही त्याने आपल्या लोकांना दिला होता. तेव्हा डार्विनच्या तब्बल साडेचौदाशे वर्षे आधी.

खऱ्या अडचणी तीन. पहिली अडचण अशी : मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपाचा आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा, तो इतर प्राण्यांतूनच आला असेल तर त्याचे वेगळेपण कोठे राहिले? दुसरी : आदामाच्या पापामुळे मानवजात पतित झाली आणि येशूच्या बलिदानाने तिचे तारण झाले, हा धर्माचा गाभा; पहिला मानव असा कोणी एक नव्हताच तर या गाभ्याचे काय? आणि तिसरी : उत्क्रांतीचा मार्ग मरणाने व वेदनेने भरलेला आहे, दयाळू ईश्वराने असा मार्ग का निवडावा?

१८६० चे ऑक्सफर्ड

३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स आणि डार्विनचा समर्थक थॉमस हक्स्ले यांची जुंपली. हा प्रसंग पुष्कळ पुस्तकांत 'धर्म विरुद्ध विज्ञान' या नाट्याचा पहिला अंक म्हणून रंगवलेला असतो. त्या सभेचा शब्दशः वृत्तांत कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांत मेळ नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्याच ऑक्सफर्डमध्ये फ्रेडरिक टेम्पल या धर्मोपदेशकाने प्रवचन केले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. विज्ञानाला जे अजून उलगडलेले नाही तेथे ईश्वर शोधत बसू नका. निसर्गाच्या नियमांतच त्याला शोधा, असा त्याच्या प्रवचनाचा रोख होता. हाच टेम्पल पुढे १८९६ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च धर्माधिकारी झाला. चार्ल्स किंग्जले या दुसऱ्या धर्मोपदेशकाने तर डार्विनला पत्र लिहून कळवले होते की, ईश्वराने प्रत्येक जीव वेगळा घडवला या कल्पनेइतकीच, स्वतःहून विकसित होऊ शकणारे जीव त्याने निर्माण केले ही कल्पनाही उदात्त आहे. डार्विनने हे मत आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट केले. १८८२ मध्ये डार्विनचे निधन झाले तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्येच मोठ्या सन्मानाने दफन करण्यात आले.

मठातले वाटाणे

आता आमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. डार्विनच्या विचारात एक मोठे भगदाड होते. आई-बापांचे गुण संततीत मिसळतात, असे त्या काळी मानीत. तसे असेल तर एखादा उपयोगी फरक ताकात पाणी घालावे तसा पिढीगणिक पातळ होत जाईल आणि निवडीला काही उरणारच नाही. या आक्षेपाला डार्विनजवळ समाधानकारक उत्तर नव्हते.

त्याचे उत्तर ब्रनो (आजचे चेक प्रजासत्ताक) येथील एका ख्रिस्ती मठाच्या बागेत तयार होत होते. ग्रेगोर मेंडेल हा त्या मठातील ऑगस्टिनियन पंथाचा साधू होता. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्याने हजारो वाटाण्याची झाडे वाढवून, मोजून, नोंदी ठेवून दाखवले की गुण पाण्यासारखे मिसळत नाहीत. ते अखंड राहतात व ठरावीक प्रमाणात पुढील पिढ्यांत पुन्हा प्रकट होतात. १८६६ मध्ये त्याचा निबंध छापला गेला. परंतु त्याचे महत्त्व जगाला कळले ते १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. पुढे १९३७ मध्ये मेंडेल आणि डार्विन यांचा सांधा जुळवणारा महत्त्वाचा ग्रंथ लिहिला तो थिओडोसियस डोबझान्स्की याने. तोही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतला. तात्पर्य, दहावीच्या पुस्तकात आपली मुले जी आनुवंशिकता शिकतात, तिचा पाया एका मठवासीयाने घातला आहे.

रोमची भूमिका

कॅथलिक चर्चने गॅलिलिओला शिक्षा केली हे सर्वश्रुत आहे. म्हणून डार्विनच्या ग्रंथावरही रोमने बंदी घातली असेल, असा आमचाही समज होता. तसे झाले नाही. निषिद्ध ग्रंथांच्या यादीत 'ओरिजिन' कधीच नव्हता. तरी वाट सरळ होती असेही नाही. तय्यार द शार्दँ हा फ्रेंच जेझुइट फादर जीवाश्मांचा नामांकित अभ्यासक होता. उत्क्रांती आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सांगड घालणारे त्याचे तात्त्विक लेखन त्याच्या हयातीत छापू दिले गेले नाही.

१९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी धर्मपत्रक काढून भूमिका मांडली : मानवी शरीर पूर्वीच्या सजीवांतून आले काय, याचा अभ्यास करण्यास मनाई नाही, मात्र आत्मा हा थेट ईश्वराकडूनच येतो. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुढचे पाऊल टाकले. नवे ज्ञान पाहता उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असे त्यांनी आपल्या विज्ञान अकादमीला कळवले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ईश्वर म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे, उत्क्रांती आणि निर्मितीची कल्पना यांत विरोध नाही, असे सांगितले. म्हणजे वसईच्या फादरांनी वर्गात उत्क्रांती शिकवली, तेव्हा ते आपल्या धर्माशी प्रतारणा करीत नव्हते.

अमेरिकेतील खटले

मग विरोध कोठला? तो प्रामुख्याने अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथांपैकी काहींचा होय. बायबलचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा खरा मानणाऱ्यांच्या दबावाने टेनेसी राज्याने १९२५ मध्ये शाळांत मानवाची उत्क्रांती शिकवण्यास बंदी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये डेटन या गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला व त्याला १०० डॉलर दंड झाला. पुढे तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

या खटल्यात सरकारी बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची आज चेष्टा होते. परंतु त्यांची एक भीती आपण नीट समजून घेतली पाहिजे. बलवानाने दुर्बलाला चिरडणे हाच निसर्गनियम, असा अर्थ लोक डार्विनमधून काढतील, ही ती भीती. ती निराधार नव्हती. ज्या पाठ्यपुस्तकावरून हा खटला झाला, त्यात मानवाचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सर्वांत वर बसवले होते आणि 'निकृष्ट' कुटुंबांची वाढ रोखावी असा उपदेशही होता. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचे हे काम तेथे विज्ञानाच्या नावाने चालले होते! उत्क्रांती मानणारे काही पाद्रीदेखील त्या प्रचारात सामील होते, तर १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी सक्तीच्या नसबंदीचा निषेध केला. ब्रायन यांचा उपाय चुकला. सत्य लपवल्याने त्याचा गैरवापर थांबत नाही. तो थांबतो अधिक सत्य शोधल्याने. जगातील कोणत्याही दोन माणसांचा जनुकीय आराखडा सुमारे ९९.९ टक्के सारखा आहे, हे पुढे त्याच जीवशास्त्राने सिद्ध केले.

१९८१ मध्ये आर्कान्सा राज्याने वेगळी युक्ती केली. उत्क्रांतीसोबत 'निर्मितीविज्ञान'ही तितकेच शिकवावे, असा कायदा केला. त्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? पहिले नाव होते बिल मॅक्लीन या मेथडिस्ट पाद्र्याचे. सोबत मेथडिस्ट, एपिस्कोपल व रोमन कॅथलिक बिशप होते. धर्माला विज्ञानाचा मुखवटा चढवू नका, असे सांगायला धर्मोपदेशकच पुढे आले आणि ५ जानेवारी १९८२ रोजी जिंकले. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा अशाच स्वरूपाचा कायदा रद्द केला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथे हाच वाद नव्या नावाने उभा राहिला, तेव्हा उत्क्रांतीच्या बाजूने प्रमुख साक्ष दिली ती केनेथ मिलर या श्रद्धावान कॅथलिक प्राध्यापकांनी.

अर्थात विरोध संपला असे समजू नये. गॅलप संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत अमेरिकेतील ३७ टक्के लोकांनी ईश्वराने मानवाला आजच्याच रूपात निर्माण केले असे सांगितले. ३४ टक्क्यांनी उत्क्रांती झाली पण ईश्वराच्या मार्गदर्शनाने झाली असे मानले.

दोन खातेवह्यांची गोष्ट

मिलर यांनी साक्षीत दिलेला एक पुरावा विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला यांच्यात २४. पूर्वज एकच असतील तर एक जोडी गेली कोठे?

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. जुन्या रेकॉर्डमध्ये कधी कधी दोन खातेवह्या एकत्र शिवून एक जाड वही केलेली सापडते. वर नाव एकच असते. पण पाने उलटत गेलात की मधोमध जुने पुठ्ठे लागतात आणि शिवणही दोन ठिकाणी दिसते. मग कोणी कितीही सांगो, ही वही मुळात दोन होत्या हे लिपिकाला कळतेच. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे असेच आहे. गुणसूत्राच्या टोकांना जे 'टेलोमिअर' असतात, त्यांचे अवशेष याच्या मधोमध सापडतात. आणि प्रत्येक गुणसूत्राला एकच असणारा 'सेंट्रोमिअर' येथे एक चालू व एक निकामी असा दोनदा आढळतो. दोन गुणसूत्रे जोडली गेल्याची ही खूण होय. मानवी जनुकांचा नकाशा तयार करणाऱ्या जागतिक प्रकल्पाचे अमेरिकेतील प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हे स्वतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती आहेत. अशा पुराव्यांमुळे उत्क्रांती नाकारता येत नाही, हे त्यांनी आपल्या धर्मबांधवांना २००६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले.

जे प्रश्न उरतात

तथापि उत्क्रांती स्वीकारली म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या साऱ्या अडचणी मिटल्या असे नव्हे. आदामाचे काय, यावर त्यांच्यात आजही एकमत नाही. कोणी आदामाला प्रतीक मानतात, कोणी फार प्राचीन मानवसमूहाचा प्रतिनिधी मानतात, तर कोणी प्रत्यक्ष व्यक्तीच मानतात.

त्याहून कठीण आहे तो दुःखाचा प्रश्न. डार्विनची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना वारली. पुढे १८६० मध्ये त्याने अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिले की, जिवंत सुरवंटाला आतून खात वाढणारी गांधीलमाशीची जात दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने मुद्दाम निर्माण केली असेल, हे आपल्या मनाला पटत नाही. ग्रे हे निष्ठावान ख्रिस्ती आणि अमेरिकेतील उत्क्रांतीचे पहिले मोठे पुरस्कर्ते. त्यांची श्रद्धा टिकली, डार्विनची हळूहळू मावळली. पुरावे दोघांपुढे तेच होते, मैत्रीही शेवटपर्यंत टिकली. मनुष्य उत्कट ईश्वरवादी आणि उत्क्रांतिवादी असा दोन्ही असू शकतो, असे १८७९ मध्ये एका पत्रात लिहिताना डार्विनने किंग्जले व ग्रे यांचीच नावे घेतली.

यावरून आम्ही इतकेच शिकलो की, जीव कसे घडले हे विज्ञान सांगू शकते. त्या घडण्यामागे कोणी आहे काय, हा प्रश्न वाटाणे मोजून किंवा गुणसूत्रे तपासून सुटत नाही. तेथे प्रत्येकाने आपल्या विवेकाने उत्तर शोधायचे. आमचे उत्तर आमच्या सहकाऱ्यांच्या उत्तराहून वेगळे आहे. परंतु पुराव्यापुढे ते आमच्याइतकेच मान लववतात, हे आम्हाला कबूल केलेच पाहिजे.

आणखी एक. पुराव्याला नकार देणे ही कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे विधान केले. त्यात ख्रिस्ती धर्माचा काडीचाही संबंध नव्हता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र पत्रक काढून त्याचे खंडन करावे लागले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. दहावीनंतर विज्ञान सोडणारी मुले आपल्याकडे किती असतात हे पालकांना सांगायला नको. त्यांच्यासाठी तो धडा शेवटचाच असतो.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही अभ्यासिकेत जाऊन सांगितले की, त्या दिवशी आपण हसलो ते चुकले. तो विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काका, मग आदामचं काय, हे मी त्यालाच विचारतो." जरूर विचार, असे आम्ही म्हटले, पण आधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घे. परीक्षेच्या दिवसांत ती दोन्ही मुले आपल्या अभ्यासिकेत एकाच टेबलावर जीवशास्त्राचे पुस्तक उघडून बसलेली आम्ही पाहिली. त्यांचा वाद अजून चालू आहे, असे ऐकतो. तो चालू राहावा.